संशोधनाचे पैसे थोडे द्या, पण वेळेवर द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या पेपरात पहिल्या पानावर बातमी असते, कोकण विभाग राज्यात पहिला. ती वाचून सगळ्यांना बरं वाटतं, मलाही वाटतं. मी गेली कित्येक वर्षं सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतेय आणि त्या पहिल्या आलेल्या विभागातली कितीतरी पोरं माझ्या हाताखालून गेलीत. पण पाच-सहा वर्षांनी तीच पोरं कुठे असतात? एमएस्सी झालेली हुशार पोरगी पुण्याला नाहीतर गोव्याला औषध कंपनीत लॅबला लागलेली असते, मुलगा मुंबईला, आणि ज्यांना खरंच संशोधन करायचं होतं त्यातली निम्मी इथे तासिका तत्त्वावर शिकवत बसलेली असतात, पगार कधी येईल ते माहीत नाही. हे काही आजचं नाही म्हणा. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर जन्मले मालवणात, शिकले रत्नागिरीत, आणि त्यांच्या नावाची संशोधन संस्था १९१७ साली उभी राहिली ती पुण्यात. तेव्हा इथे काही नव्हतंच, पण आज शंभर वर्षांनी कॉलेजं आहेत, लॅब आहेत, पदव्युत्तर विभाग आहेत, तरी पोरं जातातच.

सध्या स्वतंत्र कोकण विद्यापीठ हवं की नको यावर पुन्हा चर्चा चाललीय. मी कुठल्याच बाजूने भांडायला हे पत्र लिहीत नाहीये. सोलापूर या एका जिल्ह्याला २००४ साली विद्यापीठ मिळालं, गडचिरोलीला २०११ मध्ये गोंडवाना मिळालं, मग रत्नागिरी-सिंधुदुर्गालाच का नाही असं लोक विचारतात ते बरोबरच आहे, सावंतवाडीहून मुंबई पाचशे किलोमीटर आहे हे काही कमी नाही. पण नवीन पाटी लावली, कुलगुरू आले, इमारत झाली, आणि आत एमएस्सीच्या मुलाच्या हातात प्रोजेक्टसाठी दहा हजार रुपये वेळेवर पडत नसतील तर त्या पाटीने काय होणार? चर्चा इमारतीची होते, पैसे कसे आणि कधी पोचतात याची होत नाही, म्हणून हे लिहितेय.

आमच्या इथलंच सांगते. माझी एक विद्यार्थिनी खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे खायच्या शिंपल्यांवर, पीएचडी करतेय. तिसऱ्या, मुळे, कालवं हे आपल्या घराघरात शिजतं, आणि गावातल्या किती बायकांचं घर त्यावर चालतं हे तुम्हाला सांगायला नको. दर महिन्याला पुनव-अवसेच्या मोठ्या ओहोटीला ती खाडीत उतरते, गुडघाभर चिखलात, आणि हातातली चौकट वाळूवर ठेवून त्या चौकटीत किती तिसऱ्या मिळाल्या, केवढ्या, पिल्लं किती, सगळं मोजून वहीत लिहिते. ती चौकट तिने स्वतः केलीय, हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाईप आणि चार एल्बो आणून, अर्धा-अर्धा मीटरची. खर्च तीनशेच्या आत. ते बिल पास झालं नाही कारण दुकानदाराकडे जीएसटी नंबर नव्हता, तर ते पैसे तिचेच गेले, आणि तिने ते मला चार महिन्यांनी सांगितलं, ते पण मी विचारलं तेव्हा.

पैसे कसे येतात तेही सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं प्रोजेक्ट मंजूर झाला म्हणजे काम झालं. आम्ही अर्ज केला जुलैत. मंजुरीचं पत्र आलं डिसेंबरमध्ये. पहिला हप्ता खात्यावर जमा झाला फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि सोबत सूचना की ३१ मार्चच्या आत खर्च करून युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे खर्च केल्याचा दाखला, पाठवा नाहीतर उरलेली रक्कम परत करा. आता आम्हाला हवे होते सप्टेंबर ते डिसेंबरचे महिने, पावसाळा सरतो आणि खाडीचं पाणी हळूहळू परत खारं होतं तेव्हाचे, ते निघून गेलेले. चाळीस दिवसांत तीन कोटेशन मागवा, तुलनात्मक तक्ता करा, खरेदी समितीची सही घ्या, वस्तू आणा, स्टॉक रजिस्टरला चढवा, ऑडिट करा. मग काय होतं, ज्याची गरज होती ते राहतं आणि जे चाळीस दिवसांत मिळतं ते घेतलं जातं. केमिकलच्या बाटल्या येतात, काचसामान येतं, होडीचं भाडं आणि पोरीच्या फील्डचा खर्च मात्र बसत नाही कारण खाडीतला होडीवाला पावती देत नाही. खाडी मार्चएंड बघून चालत नाही, आंब्याचा मोहोर पण नाही आणि पाऊस तर नाहीच नाही, मग इथल्या संशोधनाचे पैसे मार्चएंड बघून का यावेत?

आणि तौक्ते वादळाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. १६ मे २०२१. त्याआधी दीड वर्ष, लॉकडाऊनमध्ये सुद्धा परवानगी काढून काढून, आम्ही नमुने गोळा केले होते, प्रत्येक महिन्याच्या तिसऱ्यांचं मांस छोट्या पिशव्यांत भरून, वर तारीख आणि ठिकाण मार्करने लिहून, डीप फ्रीजरमध्ये ठेवलेलं. वादळ आलं आणि लाईट गेली ती काही दिवस आलीच नाही, सगळ्या जिल्ह्याची तीच गत होती, माडापोफळीच्या बागा आडव्या झालेल्या, रस्त्यावर झाडं, तेव्हा आमच्या फ्रीजरचं कोण बघणार. तिसऱ्या दिवशी मी आणि शिपाई मामा कसेबसे पोचलो तर व्हरांड्यातच वास. झाकण उघडलं आणि पिशव्या पाण्यात तरंगत होत्या, मार्करची अक्षरं पुसलेली. वादळाला मी दोष देत नाही. पण त्याच्या आधीच्या वर्षी निसर्ग वादळ येऊन गेल्यावर मी इन्व्हर्टरसाठी लेखी मागणी केली होती आणि उत्तर आलं होतं की तो इक्विपमेंट या हेडखाली बसत नाही, कंटिन्जन्सीत, म्हणजे किरकोळ खर्चात घ्या, आणि कंटिन्जन्सीत तेवढे पैसे नव्हते. दीड वर्षाचं काम एका इन्व्हर्टरच्या किमतीत गेलं. ती पोरगी त्या दिवशी रडली नाही, तिने फ्रीजर धुतला, आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पीएचडीला तेवढी वर्षं वाढली, लग्नाचं घरचे विचारतायत ते वेगळंच.

सातत्याने पैसा मिळाला की काय होतं हे बघायला लांब जायला नको. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासून आहे आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना आंबा आला १९८१ मध्ये, मग त्याच रत्नाचा परत हापूसशी संकर करून जवळजवळ बिनकोयीचा सिंधू आला १९९२ मध्ये. वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या काजूच्या जाती आज आमच्या प्रत्येक गावात आहेत, लोक काजू म्हटलं की नंबरानेच बोलतात. आता विचार करा, संकर केलेल्या आंब्याच्या बाठीपासून झाड वाढून त्याला पहिलं फळ लागायलाच पाच-सात वर्षं जातात, मग ते फळ कसं आहे, दरवर्षी धरतं का, हे बघायला आणखी वर्षं. दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर आणि दरवर्षी ३१ मार्चला हिशोब बंद करून सिंधू आंबा कधी झाला असता का? तिथे कायम नोकरीतली माणसं होती, प्रक्षेत्र होतं, झाडाला पाणी घालणारा मजूर होता आणि साहेब बदलला तरी झाड तिथेच होतं. हे सगळं जिथे असतं तिथेच संशोधनाचं वातावरण तयार होतं. आमच्या कला-विज्ञान-वाणिज्य कॉलेजांना मात्र संशोधन हे नॅकच्या, म्हणजे कॉलेजची श्रेणी ठरवणाऱ्या तपासणीच्या, आधी दोन वर्षं करायचं काम झालंय.

मुलांच्या पोटापाण्याचं बघा. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळालेल्याला जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार मिळतात, चांगली गोष्ट आहे, पण अशी मुलं आमच्याकडे बोटावर मोजण्याइतकी आणि ती बहुतेक मोठ्या संस्थेतच जातात. नेट नसलेल्यांना केंद्रीय विद्यापीठांत निदान महिना आठ हजार तरी मिळतात, ते सुद्धा २०१२ पासून तेवढेच आहेत, राज्य विद्यापीठात रजिस्ट्रेशन केलेल्या आमच्या मुलाला तेही नाहीत. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत आणि त्यांनी कितीतरी घरातली पहिली पीएचडी घडवलीय हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पण त्यासाठी सुद्धा मुलांना आझाद मैदानात उपोषणाला बसावं लागलं हे आपण सगळ्यांनी वाचलंय. मग उरलेला मुलगा काय करतो, सकाळी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेतो, दुपारी क्लास, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरतो, आणि रात्री जमलं तर थीसिस. पीएचडी कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं असं यूजीसीच्या २०२२ च्या नियमात आहे, ही मुलं सहाच्या सहा वर्षं लावतात ती आळशी आहेत म्हणून नाही.

त्यात गाईड नाहीत. प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंट प्रोफेसरला चार विद्यार्थी घेता येतात, आणि रिटायर व्हायला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली की नवीन विद्यार्थी घेता येत नाही. नियम ठीक आहे. पण वर्षानुवर्षं भरती नाही, जुनी माणसं रिटायर होत चाललीत, म्हणजे दरवर्षी गाईड कमी आणि मुलं तेवढीच. माझ्याही हातात आता फार वर्षं नाहीत.

आणि एक गोष्ट आमच्याच लोकांबद्दल पण बोलली पाहिजे. प्रमोशनला पेपर लागतात म्हणून पैसे भरून आठ दिवसांत पेपर छापून देणाऱ्या जर्नलांचं पेव फुटलं, कॉन्फरन्सला जाऊन सर्टिफिकेट घेऊन जेवून परत यायचं, याला आम्ही संशोधन म्हणायला लागलो. २०२२ च्या नियमांत यूजीसीने थीसिसच्या आधी पेपर छापलाच पाहिजे ही अट काढली, मला तरी ते योग्य वाटतं, त्या अटीने चांगले पेपर वाढले नाहीत, दुकानं वाढली. पण अट काढली म्हणजे झालं असं नाही. आमच्या डिपार्टमेंटला आम्ही दर शनिवारी दुपारी दोन तास बसतो, एक मूल आपलं काम सांगतं आणि बाकीचे प्रश्न विचारतात, पहिल्या वर्षाची पोरगी पण सरांना विचारू शकते की सर हा आकडा कुठून आला. सुरुवातीला कुणी बोलायचं नाही, मान खाली. आता वाद होतात, एकदा तर माझाच एक आलेख चुकीच्या स्केलवर होता तो एफवायच्या मुलाने दाखवला. याला पैसे लागत नाहीत, चहा लागतो फक्त. पण याला वेळ लागतो आणि आमचा वेळ फॉर्म भरण्यात जातो हे पण तितकंच खरं.

विषय तर आपल्या दारात पडलेत. २०१६ मध्ये दोडामार्गात माकडताप, गोचिडीच्या चाव्याने होणारा, आला, मग बांद्याकडे सरकला. डिसेंबर ते मे हाच त्याचा हंगाम आणि तोच काजू जमवायचा, पातेरा, म्हणजे सुका पाला, गोळा करायला रानात जायचा हंगाम. नमुने तपासायला पुण्यासारख्या ठिकाणी मोठ्या लॅब आहेत आणि त्या हव्यातच, ते काम कॉलेजचं नाही. पण कुठल्या वाडीतले लोक कुठल्या रानात कधी जातात, माकड मेलेलं दिसलं तर कुणाला कळवतात की कळवतच नाहीत, अंगाला तेल लावून जा सांगितलं ते किती जण लावतात, हे इथली मालवणी बोलणारी पोरगी जेवढं शोधून काढेल तेवढं बाहेरून आलेली टीम आठ दिवसांत नाही काढू शकत. कातळशिल्पांचं, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेल्या चित्रांचं, पण तेच. आमच्या कुडोपीपासून बारसू, कशेळी, देवाचे गोठणेपर्यंतच्या सड्यांवर ती हजारो वर्षं होती, गुराख्यांना माहीत होती, पण सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या रत्नागिरीच्या माणसांनी पदरमोड करून सडे पालथे घातले तेव्हा ती जगासमोर आली आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांना माझा मनापासून नमस्कार. पण एवढं मोठं काम विद्यापीठांतल्या पोरांच्या हातून का झालं नाही हा प्रश्न मला लागून राहिलाय.

आता यात घाई करण्यासारखं एक कारण आहे. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ ला जी मुलं पदवीच्या पहिल्या वर्षाला आली त्यातली काही २०२७-२८ ला चौथ्या वर्षाला पोचतील, आणि पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के असतील त्यांना संशोधनासह ऑनर्स करता येईल. कोकण विभाग पहिला येतो म्हणतो ना आपण, मग अशी मुलं आपल्याकडे भरपूर निघणार. त्यांना वर्षभराचा रिसर्च प्रोजेक्ट कोण देणार, कुठल्या लॅबमध्ये, कुणाच्या हाताखाली? नाही जमलं तर ती मुलं चौथं वर्ष करायला पुण्याला जातील, म्हणजे आज एमएस्सीनंतर जातात ती तिसऱ्या वर्षानंतरच जातील.

पैसा नाही असं मला कुणी सांगू नये. देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्केच खर्च करतो हे खरंय आणि ते वाढलंच पाहिजे. पण २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन झालं, पाच वर्षांत ५० हजार कोटींची गोष्ट आहे, त्यात मोठ्या संस्थेने छोट्या विद्यापीठांना हाताशी धरायचं अशी योजना पण आहे. त्या योजनेत आमच्यासारख्या कॉलेजपर्यंत काय झिरपणार ते विद्यापीठांनी आत्ता बसून ठरवायला हवं. जर्नलं वाचायला मिळावीत म्हणून केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये वन नेशन वन सबस्क्रिप्शनला तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी मंजूर केले, हे मला फार आवडलेलं काम आहे, ते प्रत्येक गावच्या अनुदानित कॉलेजपर्यंत पोचलं पाहिजे. लोट्याच्या एमआयडीसीपासून जयगडच्या बंदरापर्यंत कंपन्या आहेत, सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचे, पैसे सार्वजनिक विद्यापीठांच्या संशोधनाला देता येतात, कायद्यात बसतं. फक्त अट एकच असावी की आलेले आकडे जसेच्या तसे छापले जातील, कंपनीला आवडोत न आवडोत, नाहीतर ते पैसे न घेतलेले बरे.

आणि आमचे चाकरमानी. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की मुंबईकर मंडळ एका मीटिंगमध्ये लाखांची वर्गणी जमवतं, हे मी माझ्या गावात बघितलंय आणि मला त्याचा अभिमान आहे. एका मुलाला महिना वीस हजार दिले तर वर्षाचे होतात दोन लाख चाळीस हजार. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मिळून वीस मुलं म्हटली तर ४८ लाख. दोन जिल्ह्यांतली मंडळं, पतपेढ्या, कारखानदार आणि जिल्हा नियोजन समिती एकत्र बसली तर हा आकडा जड आहे का? मला नाही वाटत.

शासन, विद्यापीठ, संस्थाचालक या सगळ्यांकडे माझी मागणी मोठी नाहीये. दोन लाख देणार असाल तर एक द्या, पण तो जूनमध्ये द्या आणि तीन वर्षं सलग द्या, ३१ मार्चला परत मागू नका. होडीवाल्याची, मजुराची, गावातल्या वाटाड्याची साधी सही असलेली पावती चालवून घ्या, ठराविक रकमेपर्यंत. फ्रीजर देताना इन्व्हर्टर सोबतच द्या, हे कोकण आहे, मे-जूनला लाईट जाणारच. आणि दर तीन-चार कॉलेजांत मिळून एक असा लॅब असिस्टंट कायम ठेवा जो मशीन चालवू शकतो आणि दुरुस्त करू शकतो, कारण निम्म्या कॉलेजांत लाखांची मशीनं कव्हर घालून ठेवलीत, चालवणारं कुणी नाही म्हणून.

गेल्या अवसेला मी पण त्या पोरीबरोबर खाडीत उतरले होते. शेजारी तिसऱ्या काढणाऱ्या एका आजीने बराच वेळ तिची चौकट बघितली आणि विचारलं, "गो बाय, मोजतंस तां बरां, पण सांगतलंस कोणाक?" तिने सांगितलं, "आजी, आधी तुमकाच." पावसाळा संपला की आम्ही त्या वाडीतल्या शाळेत बसून तीन वर्षांचे आकडे मालवणीत सांगणार आहोत, कुठल्या महिन्यात पिल्लं जास्त असतात, कधी काढणं थांबवलं तर पुढच्या वर्षी टोपली भरेल ते. माईक आणि चहाचा खर्च आम्ही वर्गणी काढून करतोय. आपल्या वार्ताहराला त्या दिवशी जरूर पाठवा. आणि त्याच्या आधी आपल्या पेपरातून शिक्षण खात्याला एवढं विचारा, की पुढच्या वर्षीचा संशोधनाचा पहिला हप्ता कॉलेजांच्या खात्यावर कुठल्या तारखेला जमा होणार.

आपली नम्र,
एक प्राध्यापिका, सिंधुदुर्ग